रंगाखाली दडलेली गळती: १९६६ च्या मस्टँगचा वॉटर पंप

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग. इंजिन २८९ घनइंचांचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८, एअर कंडिशनर नसलेलं. तक्रार अशी की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण, हळूहळू कमी होतं, पण गाडीखाली डबकं कधी दिसत नाही. लांबच्या फेरीनंतर बॉनेट उघडलं की गोडसर वास येतो आणि हल्ली इंजिनाच्या पुढच्या बाजूने घरघर ऐकू येते. इंजिन थंड असताना ती कमी असते, तापलं की वाढते.

मालकांचा संशय थेट हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधल्या पातळ सीलवर होता. "वॉटर पंप नवा आहे, वर्षही झालेलं नाही, त्यामुळे तो सोडून बाकीचं बघा," असं त्यांनी गाडी देतानाच सांगितलं. त्यांच्या जागी कोणालाही तसंच वाटलं असतं. पंप बदलला त्याच वेळी इंजिनाचा पुढचा भाग नव्याने रंगवून घेतला होता आणि दिसायला तो अगदी झकास होता. एकसारखा, चकचकीत, कुठे ओघळ नाही. नंतर कळलं की सगळ्या भानगडीचं मूळ त्याच रंगकामात होतं.

हेड गॅस्केट उघडण्याआधी ते निर्दोष आहे का हे बाहेरूनच बरंचसं तपासता येतं. ऑइलची काडी स्वच्छ होती, दुधाळपणाचा मागमूस नव्हता. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी पाहिलं तर बुडबुड्यांची रांग नव्हती. आठही स्पार्क प्लग साधारण एकाच रंगाचे निघाले. कूलंट सिलिंडरमध्ये जात असेल तर त्या सिलिंडरचा प्लग बहुतेक वेळा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. तसं काही दिसलं नाही.

मग इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवला आणि झाकणावर लिहिलेल्या १३ पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला १३ पौंड) दाब भरला. काटा स्थिर राहिला नाही, सावकाश खाली येऊ लागला. म्हणजे गळती होती आणि थंड अवस्थेतही होती. खाली थेंब मात्र पडत नव्हता. टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन फॅनच्या मागे पाहिलं तेव्हा पंपाच्या दांड्याभोवती, हबच्या (ज्यावर पुली बसते त्या चकतीच्या) मागे, एक ओलसर कडं दिसलं. आरसा पंपाच्या पोटाखाली नेला. तिथे एक छोटं भोक असायला हवं होतं, पण सलग गुळगुळीत निळा रंग होता.

बारीक तारेने चाचपडत ती जागा शोधली आणि तार जराशी दाबली. रंगाची साय फुटली आणि आतून तपकिरी, तेलकट पाण्याची धार लागली. बोटावर घेतलं तर कूलंटचा बुळबुळीतपणा होता आणि त्यात ग्रीसचे कण होते. निदान इथेच झालं. फॅनची पाती वर-खाली धरून हलवली तर दांड्यात खेळ स्पष्ट जाणवला. घरघर बेअरिंगचीच होती.

त्या भोकाचं काम काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. वॉटर पंपाच्या एका टोकाला पाण्यात फिरणारा पंखा असतो, दुसऱ्या टोकाला फॅन आणि पुली, आणि मध्ये दांडा पेलणारं बेअरिंग. पाणी आणि बेअरिंग यांच्या मध्ये एक सील. त्यात कार्बनची चकती सिरॅमिकच्या चकतीवर स्प्रिंगच्या दाबाने घासत फिरते. कितीही चांगलं सील असलं तरी त्यातून कधीतरी थोडा पाझर होणारच. तो बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून सील आणि बेअरिंग यांच्या मधल्या पोकळीतून खाली एक भोक काढलेलं असतं. गच्चीची पन्हळ बुजली की पाणी भिंतीत मुरतं, तसंच इथे झालं. रंगाने भोक बुजलं, पाझर बाहेर पडायचा थांबला, पोकळी भरली आणि कूलंट बेअरिंगमध्ये शिरलं. ग्रीस धुऊन निघालं आणि एरवी पुष्कळ वर्षं टिकणारं बेअरिंग वर्षाच्या आत वाजायला लागलं. वर थेंब खाली न पडल्यामुळे गळतीचा सुगावाही लागला नाही. भोक मोकळं असतं तर पहिल्या महिन्यातच जमिनीवर डाग दिसला असता.

मालकांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग भोक मोकळं करून हाच पंप चालणार नाही का?" नाही. सील गळतंय आणि बेअरिंगमध्ये खेळ आहे. बेअरिंगने दगा दिला तर फॅन पुढे सरकून रेडिएटरमध्ये घुसू शकतो, आणि मग खर्च पंपापुरता राहत नाही.

कूलंट काढताना रेडिएटरची तोटी तर उघडलीच, पण ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लगही काढले. व्ही-८ मध्ये ते दोन असतात आणि दोन्ही काढले नाहीत तर पंप सुटताच उरलेलं पाणी अंगावर येतं. एका प्लगमागे गाळ इतका घट्ट बसला होता की प्लग काढूनही थेंब आला नाही, तारेने टोचावं लागलं. काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या मात्रेतही त्यांच्या जिवावर बेततं. जमिनीवर सांडलेलंही लगेच धुतलं पाहिजे.

उघडण्याच्या क्रमात एक छोटी युक्ती उपयोगी पडते. फॅनचे चार बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करायचे. बेल्ट पुलीला धरून ठेवतो आणि बोल्टसोबत ती फिरत नाही. बेल्ट आधी काढला तर एका हाताने पुली आवळून धरायची आणि दुसऱ्या हाताने पाना मारायचा, अशी कसरत होते. त्यानंतर फॅन, स्पेसर, पुली, मग अल्टरनेटरची बेल्ट ताणायची पट्टी, कारण ती पंपाच्याच बोल्टवर असते. खालचा होज, हीटरचा होज आणि पंप व थर्मोस्टॅटची (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेची) कोठी यांच्या मधला आखूड बायपास होज. हा शेवटचा होज दिसायला किरकोळ, पण पंप जागेवर असताना तो बदलणं म्हणजे बोटं सोलून घेणं. पंप काढलाच आहे तर तो नवा घालावा, जुना कितीही चांगला दिसो.

खरी परीक्षा बोल्टची. या इंजिनात पंपाचे काही बोल्ट फक्त टायमिंग कव्हरमध्ये (इंजिनाच्या पुढच्या बाजूला टायमिंग चेनवर असलेल्या झाकणात) जातात आणि काही कव्हरच्या आरपार जाऊन ब्लॉकमध्ये आवळले जातात. ब्लॉक बिडाचा, कव्हर अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी आणि भोवती कूलंट. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे गंज ठरलेला. लांब बोल्टची गंमत अशी की ते बहुतेक वेळा आट्यांत अडकत नाहीत. ते अडकतात कव्हरमधून जाणाऱ्या मधल्या भागात. अॅल्युमिनियमचा पांढरा भुगा फुगून बोल्टच्या अंगाला चहूबाजूंनी आवळून धरतो. डोकं फिरवलं की बोल्ट पिळतो, आणि आणखी जोर लावला की तुटतो.

म्हणून आधी तपशिलात वेळ घालवला. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट निघेल तसा त्याच्या जागी खोचायचा, कारण लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आत काहीतरी फोडतो, आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन-चार आट्यांवर लोंबकळतो. भेदक तेल आदल्या रात्रीच सोडलं होतं. सैल करताना एकदम उलटा जोर न लावता आधी किंचित आवळायचं, मग थोडं सोडायचं, पुन्हा थोडं आवळायचं. भुगा तुटण्याचा बारीक 'कर्र' आवाज कानाला लागतो. बाकीचे बोल्ट असे निघाले. खालच्या बाजूचा एक हटून बसला. तो पाव फेरा फिरायचा आणि रबरासारखा परत यायचा. परत येणारा बोल्ट म्हणजे पिळणारा बोल्ट, तिथे जोर थांबवलाच पाहिजे. बोल्टऐवजी त्याच्या भोवतालचं अॅल्युमिनियम हीट गनने तापवलं. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. तापव, तेल सोड, हलव, थांब असं करत तो शेवटी पांढऱ्या भुकटीचा लेप घेऊनच बाहेर आला. इथे उघडी ज्योत वापरायचा मोह टाळावा. जवळच इंजिनाला पेट्रोल पुरवणारा इंधन पंप आहे आणि हवेत भेदक तेलाची वाफ आहे.

पंप हातात आल्यावर रंगाची दुसरी करामत दिसली. पंपाची गॅस्केट बसायची बाजूही रंगवलेली होती. सगळा पंप टांगून चारी बाजूंनी स्प्रे मारलेला असणार. गॅस्केट सोलून काढताना एका बोल्टच्या भोवती रंगाचा नखाएवढा तुकडा गॅस्केटलाच चिकटून आला. कागदावर निळा आणि धातूवर उघडं बीड. त्या रंगाखाली बिडावर तेलाचा पातळ थर तसाच होता, म्हणजे रंग धातूला कधी चिकटलाच नव्हता. शिवाय इनॅमल रंग उष्णता आणि ग्लायकॉल यांच्या माऱ्यात मऊ पडतो. मऊ झालेला थर बोल्टच्या दाबाखाली पसरतो, बोल्टचा ताण उतरतो आणि गॅस्केट जागेवरून सरकायला मोकळं होतं. त्यावर उपाय म्हणून आधीच्या माणसाने सिलिकॉनचा सढळ हाताने थर दिला होता. त्याच्या आतल्या कडा पाण्याच्या वाटेत लोंबत होत्या. असा एखादा तुकडा सुटून रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत अडकला तर इंजिन तापण्याचं कारण शोधताना डोकं फिरायची वेळ येते.

पंपामागची पातळ पोलादी प्लेट गंजून कागद झाली होती. ती बदलायची होतीच. पण तिच्या मागे टायमिंग कव्हरचा पृष्ठभाग उघडा पडला आणि तिथे थांबून विचार करावा लागला. अॅल्युमिनियमला जागोजाग खड्डे पडले होते. या इंजिनांत हा नेहमीचा रोग आहे आणि तो गंभीर असू शकतो, कारण कव्हरच्या एका बाजूला कूलंट आणि दुसऱ्या बाजूला टायमिंग चेन व ऑइल असतं. खड्डा आरपार गेला तर कूलंट सरळ ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिनाची मुख्य बेअरिंग्ज जातात. बाहेर थेंबही दिसत नाही. पंप बदलताना लोक नव्या पंपाकडेच पाहत राहतात. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे, पंपामागच्या पृष्ठभागावर घालवावा.

प्लॅस्टिकच्या खरवडणीने जुनं गॅस्केट काढलं. पोलादी पातं अॅल्युमिनियमवर ओरखडे काढतं आणि प्रत्येक ओरखडा ही गळतीची वाट होते. मग प्रत्येक खड्ड्याची खोली टोच्याने पाहिली. सपाट पट्टी आडवी ठेवून मागून उजेड टाकला. खड्डे उथळ होते. गॅस्केटच्या पट्ट्याच्या आतल्या कडेला टेकणारा एकच होता आणि तोही पट्ट्याची रुंदी ओलांडत नव्हता. इथे दोन मार्ग होते. एक, नवं कव्हर. त्यासाठी क्रँकची पुढची डॅम्पर पुली ओढून काढावी लागते, ऑइल पॅनचा पुढचा भाग सैल करावा लागतो, आणि पॅन गॅस्केटचे पुढचे कोपरे हमखास फाटतात. दुसरा मार्ग, खड्डे अॅल्युमिनियम मिसळलेल्या इपॉक्सीने भरून सपाट करायचे. मालकांसमोर दोन्ही मांडले. त्यांनी दुसरा निवडला, आणि खोली पाहता तो रास्त होता. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणारा एक जरी खड्डा असता तर मी इपॉक्सीला हात लावला नसता. खड्ड्यातला गंज टोकदार ब्रशने काढला, सॉल्व्हंटने धुतला, इपॉक्सी किंचित उंच भरलं. ते पूर्ण घट्ट झाल्यावर लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून पातळीत आणलं. पेपर नुसत्या बोटांनी धरून घासला तर बोटांच्या खाली खळगे पडतात.

नवा पंप मालकांनी आधीच आणून ठेवला होता. अॅल्युमिनियमचा, जुन्यापेक्षा वजनाला हलका. तो बसवायचा की नाही हे ठरवण्याआधी दोन्ही पंप बाकावर शेजारी ठेवून ताडून पाहिले. पहिली गोष्ट, पाणी आत येण्याची बाजू. फोर्डच्या या छोट्या व्ही-८ कुटुंबात १९७० च्या सुमारास पंपाचं तोंड उजवीकडून डावीकडे गेलं. डावी-उजवी ही गाडीत बसलेल्या माणसाची. नंतरच्या वर्षांचा पंप बोल्टवर बसेलही, पण खालचा होज रेडिएटरच्या तोंडापर्यंत जाणार नाही. दुसरी, गॅस्केटच्या पातळीपासून हबपर्यंतची उंची. त्यात थोडा फरक असला तरी पुली मागेपुढे होते आणि बेल्ट तिरका पळतो. तिसरी गोष्ट लोक विसरतात. अॅल्युमिनियमच्या पंपात बोल्टचे कान कधीकधी जास्त जाड असतात, त्यामुळे तोच जुना बोल्ट आत कमी आटे धरतो. प्रत्येक बोल्ट घालून मोजलं. आत निदान बोल्टच्या जाडीच्या दीडपट आटे हवेत, म्हणजे ५/१६ इंची बोल्टला साधारण १२ मिलिमीटर. दोन जागी ते कमी भरत होते, तिथे लांब बोल्ट घेतले. दांडा हाताने सावकाश फिरवून पाहिला. सील नवं असताना थोडा जडपणा लागतो, तो दोष नाही. मात्र ड्रिल लावून तो भरभर फिरवू नये. सील पाण्यावर चालण्यासाठी असतं आणि कोरडं फिरलं तर पहिल्याच मिनिटात खराब होतं.

आता रंग. १९६६ पासून फोर्डने आपली इंजिनं एकाच निळ्या रंगात काढायला सुरुवात केली. त्याआधीच्या वर्षी हेच २८९ काळं असायचं आणि त्याची व्हॉल्व्ह कव्हरं सोनेरी. कारखान्यात इंजिन जोडून झाल्यावर रंगवत, त्यामुळे पंप, टायमिंग कव्हर, बोल्टची डोकी, अगदी गॅस्केटच्या कडाही निळ्या. फॅन आणि पुल्या काळ्या. ज्यांना अस्सलपणाची हौस आहे त्यांना बोल्टची डोकी निळीच हवी असतात, आणि या मालकांना ती हवी होती. मग प्रश्न असा की पंप आधी रंगवायचा की बसवल्यावर? बसवल्यावर स्प्रे मारायचा तर रेडिएटर, होज, अल्टरनेटर, वायरी सगळं झाकावं लागतं आणि फवारा कुठेतरी पोचतोच. आधी रंगवायचा तर बोल्टच्या डोक्याखाली रंगाचा थर येतो आणि तो दबून ताण उतरतो. मी काम दोन भागांत केलं. अंग बाकावर रंगवायचं, पण बोल्टच्या डोक्यांची बैठक उघडी ठेवायची. पंप बसवून, आवळून, गळती नाही याची खात्री झाल्यावर बोल्टची डोकी आणि कडा बारीक ब्रशने भरायच्या. गळतीची खात्री होईपर्यंत सांध्यावर रंगाचा थेंबही नको.

कोणता रंग, याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. इंजिन तापतं म्हणून लोक सायलेन्सरसाठीचा, ६५० अंश सेल्सिअस सोसणारा रंग शोधतात. पण पंप किती तापतो? कूलंटइतकाच. ५०:५० मिश्रण १३ पीएसआयखाली १२५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे निरोगी इंजिनात पंप त्याच्या बराच खाली राहतो. सायलेन्सरचे सिलिकॉनवर आधारलेले रंग पक्के व्हायला २०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. पंपावर ती कधीच मिळत नाही आणि रंग कायम कच्चा राहतो, नखाने निघतो. साधा इंजिन इनॅमल इथे पुरेसा आहे. त्याचं खरं भांडण उष्णतेपेक्षा कूलंटशी, तेलाशी आणि बेल्टच्या काळ्या धुळीशी असतं.

पावडर कोटिंगबद्दलही मालकांनी विचारलं होतं. जोडलेल्या पंपाला ते करताच येत नाही. भट्टीत २०० अंशांच्या घरात तापवलं की सीलचं रबर आणि बेअरिंगचं ग्रीस दोन्ही जातात. सँडब्लास्टिंगचंही तेच. वाळूचा एक कण बेअरिंगमध्ये गेला तरी पुरे.

तयारी अशी केली. पंपाची सगळी तोंडं बुजवून आधी सॉल्व्हंटने दोनदा पुसला, प्रत्येक वेळी नव्या फडक्याने. एकच फडकं फिरवलं तर तेल निघत नाही, पसरतं. मग खरखरीत नायलॉन पॅडने चमक मारली. नव्या ओतीव अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग डोळ्यांना खडबडीत दिसतो, पण रंगाला पकड मिळण्याइतका तो नसतो. पुन्हा पुसला आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श केला नाही. मास्किंगला रंगापेक्षा जास्त वेळ गेला आणि तसाच जायला हवा. गॅस्केटच्या बाजूवर टेप लावून कडेने धारदार पात्याने कापला. हबचा पुढचा चेहरा आणि त्याच्या मधला उंचवटा झाकला. पुली त्यावर केंद्रित होते, रंगाने तो जाड झाला की पुली पूर्ण बसत नाही. होजच्या नळ्या झाकल्या, रंगावर चढवलेला होज रंगाला चिकटतो आणि काढताना फाटतो. बोल्टच्या बैठकींवर टेपच्या गोल चकत्या. आणि खालच्या भोकात दाबून बसवलेली फोमची गुंडाळी, मुद्दाम बोटभर बाहेर लोंबती ठेवलेली, म्हणजे शेवटी ती काढायची राहून जाणार नाही. पंपाला वर एक भोक असेल तर तेही बुजवायचं. काही पंपांना दोन असतात.

उघड्या अॅल्युमिनियमवर इनॅमल थेट मारला तर काही महिन्यांत पापुद्रे निघतात. म्हणून फॉस्फोरिक आम्लाचा अंश असलेला एचिंग प्रायमर, एकच पातळ हात. तो जाड मारला तर आम्ल आत अडकतं आणि वरचा रंग उठतो. खालचा धातू हलकासा दिसत राहिला तरी चालतं. त्यावर इनॅमल. डबा कोमट पाण्यात ठेवून घेतला, त्याने फवारा बारीक येतो. पहिला हात नुसता धुक्यासारखा, २०-२५ सेंटिमीटरवरून, रंग भरायचा नाही असं मनाशी ठरवून. दहा-एक मिनिटांनी दुसरा हात, मग तिसरा ओला. बरगड्यांच्या आतल्या कोपऱ्यांत आधी मारायचा आणि सपाट भाग नंतर, उलटं केलं की कोपऱ्यात पोचेपर्यंत सपाट भागावर ओघळ सुटतात. दोन हातांमधल्या वेळेबद्दल डब्यावर जे लिहिलेलं असतं ते पाळावं. अर्धवट सुकलेल्या इनॅमलवर उशिरा दुसरा हात दिला तर सॉल्व्हंट खालचा थर उचलतो आणि पृष्ठभाग सुरकुततो. एकदा सुरकुतला की सगळा उतरवून पहिल्यापासून करण्याखेरीज गत्यंतर नाही. टेप रंग हाताला कोरडा होताच, पण कडक होण्याआधी सोलला. पूर्ण कडक झाल्यावर सोलला तर कड तुटून येते. पंप मग आठवडाभर टांगून ठेवला. ऊन किंवा भट्टी देऊन घाई केली नाही.

बसवताना दोन गॅस्केट लागतात, एक टायमिंग कव्हर आणि प्लेटच्या मध्ये, दुसरं प्लेट आणि पंपाच्या मध्ये. दोन्हींवर सीलंटचा बोटाने पुसलेला पातळ थर, कडेने बाहेर ओघळेल इतका नाही. ब्लॉकमध्ये पाण्याच्या पोकळीत उघडणाऱ्या बोल्टच्या आट्यांना न कडकणारं थ्रेड सीलंट लावलं. नाहीतर गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी पाणी आट्यांवरून चढून डोक्याखालून येतं. बोल्टच्या मधल्या भागाला, जिथे ते कव्हरमधून जातात, अँटी-सीझ (बोल्ट गंजून अडकू नये म्हणून लावायचा लेप) लावलं. बायपास होज आधी पंपावर चढवून ठेवला आणि मग पंप जागेवर नेला. बोल्ट सगळे हाताने, नंतर समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने दोन टप्प्यांत १२ ते १५ फूट-पौंड, म्हणजे १६ ते २० न्यूटन-मीटर. आकडा लहान वाटतो. पण खाली कागदी गॅस्केट आणि अॅल्युमिनियम आहे, आणि 'जरा घट्टच असू दे' म्हणून दिलेला जादा जोरच आटे घेऊन जातो.

थर्मोस्टॅट ८२ अंशांचा नवा घातला. डिस्टिल्ड पाणी आणि हिरवं कूलंट निम्मं-निम्मं. इंजिन चालू करण्याआधी पुन्हा १३ पीएसआय दाब दिला आणि काटा हलला नाही. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचं नाक थोडं उंच करून इंजिन तापवलं. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घातली. या गाडीला कूलंट परत खेचून घेणारी बाहेरची टाकी नाही, म्हणून रेडिएटर तोंडापर्यंत भरायचा नसतो. गळ्याच्या खाली साधारण एक इंच जागा सोडावी लागते. काठोकाठ भरलं तर तापल्यावर जास्तीचं कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर फेकलं जातं आणि मालकाला वाटतं, गळती पुन्हा सुरू झाली.

पहिल्या तापण्या-निवण्यानंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा पाहिला. खालच्या भोकातून सुरुवातीला एक-दोन थेंब आले आणि थांबले. नव्या सीलच्या चकत्या एकमेकींवर बसेपर्यंत हे होऊ शकतं. आणखी काही फेऱ्यांनंतर भोक कोरडं होतं आणि पातळी जिथली तिथे होती. तेव्हाच ब्रश हातात घेतला आणि बोल्टची डोकी व गॅस्केटच्या कडा निळ्या केल्या. ब्रशचा रंग स्प्रेच्या रंगापेक्षा किंचित गडद दिसतो, जवळून पाहिलं तर कळतं. मालकांना ते खटकलं नाही.

त्यांना दोन गोष्टी लिहून दिल्या. टायमिंग कव्हरवरचं इपॉक्सी कायमचं नाही, पुढे कधी ऑइल पॅन किंवा टायमिंग चेनचं काम निघालं की कव्हर बदलूनच टाकावं, आणि तोवर प्रत्येक वेळी ऑइलची काडी पाहताना ऑइलच्या रंगावर लक्ष ठेवावं. आणि इंजिन धुताना किंवा पुन्हा रंगवून घेताना पंपाच्या पोटाखालचं भोक रंगाऱ्याला आधी बोट ठेवून दाखवावं.